एसयू कार्ब्युरेटरच्या डॅम्परमध्ये कोणतं तेल घालावं?

कोव्हेंट्रीकर

नमस्कार मंडळी. इथे जुन्या गाड्यांवर जीव असलेले बरेच जण आहेत, त्यात दोघा-तिघांकडे ब्रिटिश गाड्या आहेत, म्हणून नवा धागा काढतोय.

गाडी १९७२ची एमजीबी जीटी. १७९८ सीसीचं इंजिन, त्यावर एसयू या ब्रिटिश कंपनीचे दोन एचएस४ कार्ब्युरेटर. गाडी एकदा चालू झाली की छान चालते, आयडलिंगही स्थिर आहे. त्रास एवढाच की तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमच्या आसपास असताना ॲक्सिलरेटर पटकन दाबला की गाडी आधी क्षणभर दबते आणि मग उचल घेते. हळू दाबला तर काही नाही. ओव्हरटेक करताना ही गोष्ट फार अस्वस्थ करते.

इथल्या एका गॅरेजने कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये, म्हणजे वरच्या तेलाच्या भांड्यात, इंजिनातलंच २०डब्ल्यू-५० ओतून दिलं. क्लबमधले एक वयस्कर गृहस्थ म्हणतात की तिथे एसएई २० या जाडीचंच तेल हवं. दुसरे एक जण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल एटीएफ घालतात आणि त्यावर खूश आहेत. दुकानात 'एसयू डॅम्पर ऑइल' नावाची छोटी बाटली मिळते, तिची किंमत मात्र आतल्या तेलाच्या मानाने बरीच आहे. कोणाचं ऐकावं? आणि मुळात त्या चमचाभर तेलाने एवढा फरक पडतो का?

दोन_नंबर_गिअर

पडतो. पण त्या तेलाचं काम काय, हे आधी समजून घ्या. मग कोणतं तेल घालायचं हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

एसयूमध्ये एकच जेट आणि त्यात वरखाली होणारी एकच निमुळती सुई असते. सुई एका पिस्टनला लावलेली असते आणि तो पिस्टन घुमटासारख्या सक्शन चेंबरमध्ये सरकतो. तुम्ही पायाने फक्त थ्रॉटलची चकती उघडता. ती उघडली की इंजिनाची ओढ पिस्टनच्या वरच्या बाजूला पोचते, पिस्टन वर उचलला जातो, हवेची वाट रुंदावते आणि सुई जेटमधून वर सरकल्यामुळे पेट्रोलची वाटही त्याच प्रमाणात मोकळी होते. हवा कितीही जाऊ दे, जेटवरची ओढ जवळजवळ तेवढीच राहते. एवढ्या कमी भागांत हे साधलंय म्हणून मला हा कार्ब्युरेटर इतका आवडतो.

अडचण येते ती पाय एकदम दाबल्यावर. पिस्टनला मोकळं सोडलं तर तो झटकन वर जाईल, जेटवरची ओढ त्या क्षणी पडेल, हवा आत शिरेल आणि जड असलेलं पेट्रोल मागे राहील. म्हणजे ज्या क्षणी इंजिनाला जास्त पेट्रोल हवं नेमकं त्याच क्षणी मिश्रण पातळ होतं. तुम्ही ज्याला 'दबते' म्हणताय ते हेच असू शकतं.

म्हणून पिस्टनच्या पोकळ दांड्यात तेल भरून वरून एक बारीक दट्ट्या सोडलेला असतो. तो डॅम्पर. त्याच्या टोकाला पितळेची छोटी बाही असते. पिस्टन वर निघाला की बाही वर सरकून आपल्या बैठकीवर टेकते आणि तेलाला फक्त कडेच्या अरुंद फटीतून जावं लागतं, म्हणून पिस्टन सावकाश चढतो. पिस्टन खाली येताना बाही सुटते, तेल मोकळं वाहतं आणि पिस्टन विनाअडथळा पडतो. दारांना लावतात तो क्लोजर जसा दार एका दिशेला सहज जाऊ देतो आणि दुसऱ्या दिशेला धरून ठेवतो, तसंच हे.

पिस्टन चढायला जो थोडा उशीर लागतो, तेवढ्या वेळात अरुंद वाटेतून हवा जास्त वेगाने जाते, जेटवरची ओढ वाढते आणि पेट्रोल थोडं जास्त ओढलं जातं. बस, तेलाचं काम एवढंच. उशीर हवा, पण बेताचा. तेल फार पातळ असेल किंवा नसेलच, तर मिश्रण पातळ होतं, गाडी दबते, कधी कार्ब्युरेटरमधून उलटी फटकारही मारते. तेल फार जाड असेल तर पिस्टन वर यायलाच तयार होत नाही, मिश्रण गरजेपेक्षा जास्त दाट होतं, हवाही कमी मिळते आणि गाडी जडशीळ वाटते. गंमत अशी की सीटवर बसलेल्याला दोन्ही वेळा साधारण सारखंच जाणवतं. त्यामुळे नुसत्या अनुभवावरून 'जाड घाला' किंवा 'पातळ घाला' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

आधी हे करा. एअर फिल्टर काढा, इंजिन बंद ठेवून दोन्ही पिस्टन बोटाने वर उचला. वर जाताना बोटाला ठाम, एकसारखा विरोध जाणवला पाहिजे. सोडल्यावर पिस्टन सरळ खाली येऊन टक् असा आवाज करत टेकला पाहिजे. दोन्ही बाजू सारख्या लागतात का ते सांगा.

वाचनवेडी

माझ्याकडे गाडी नाही, पण धागा आवडला. एक शंका आहे. बाकीच्या कार्ब्युरेटरना असं तेल का लागत नाही? आमच्या जुन्या पल्सरलाही कार्ब्युरेटर होता, त्यात कधी तेल घातल्याचं आठवत नाही.

दोन_नंबर_गिअर

चांगला प्रश्न. वेबरसारख्या कार्ब्युरेटरमध्ये वेगळा ॲक्सिलरेटर पंप असतो. पाय दाबला की तो पेट्रोलची एक पिचकारी सरळ आत मारतो. एसयूमध्ये असा पंप नसतो, तिथे तेच काम तेल करतं.

पल्सरचा कार्ब्युरेटर तत्त्वाने एसयूच्या कुळातलाच. त्यातही इंजिनाच्या ओढीने वर जाणारी स्लाइड आणि तिला लावलेली सुई असते. पण तिथे जड धातूच्या पिस्टनऐवजी रबरी डायफ्रॅम आणि हलकी स्लाइड असते, आणि स्प्रिंग व हवेच्या बारीक छिद्रांवर तिचा वेग सांभाळला जातो. म्हणून तेल नाही.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. जॉर्ज स्किनर आणि त्यांचे भाऊ कार्लाइल हे चपला-बुटांच्या व्यवसायातल्या घरातले. सुरुवातीच्या एसयूमध्ये धातूचा पिस्टन नव्हताच, चामड्याचा भाता होता! १९१० साली कंपनी झाली, १९२६ साली विल्यम मॉरिस यांनी ती घेतली आणि मग बर्मिंगहॅममधून हे कार्ब्युरेटर मॉरिसच्या, एमजीच्या आणि इतर कित्येक गाड्यांवर गेले. कोव्हेंट्रीकर, तुमच्या घरापासून बर्मिंगहॅम काही लांब नाही. आज हे कार्ब्युरेटर आणि त्यांचे सुटे भाग सॉल्झबरीची बर्लेन ही कंपनी बनवते.

चांदणवेल

मी स्लाउला असते, माझ्याकडे एमजी मिजेट आहे, तिच्यावर दोन एचएस२. मी कायम इंजिनातलं २०डब्ल्यू-५० घालत आलेय आणि मला काही त्रास नाही. ब्रिटिश लेलँडच्या काळातल्या मालक-पुस्तिकांतही कार्ब्युरेटरसाठी इंजिनाचंच तेल चालेल असं दिलेलं सापडतं. ज्यांनी गाडी बनवली तेच म्हणतायत, तर वेगळी बाटली कशाला घ्यायची? हा सगळा दुकानदारांचा फायदा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

तैलबुद्धी

माझं पोटापाण्याचं काम वंगणांचं आहे, ठाण्याजवळच्या एका प्रयोगशाळेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण इथे आकड्यांनी सगळा घोटाळा केलाय.

इंजिन ऑइलच्या डब्यावरचा '५०' हा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेल किती जाड असतं हे सांगतो. इंजिनात ते बरोबरच आहे, कारण तेल तिथे तेवढं तापतं. पण कार्ब्युरेटरचा डॅशपॉट शंभर अंशाच्या जवळपासही जात नाही. बाजूने सतत थंड हवा वाहते, पेट्रोलची वाफ होताना उष्णता घेते. गाडी रस्त्यावर चालत असताना तिथे चाळीस-पन्नास अंश धरा, ट्रॅफिकमध्ये अडकलात तर थोडं जास्त. म्हणून आपल्याला हवा तो ४० अंशाचा आकडा, आणि तो तेलाच्या माहितीपत्रकात सेंटिस्टोक या जाडीच्या मापात दिलेला असतो.

आता तुलना करा. साधं एसएई २० ४० अंशाला साधारण ६० ते ७० सेंटिस्टोक असतं. २०डब्ल्यू-५० त्याच तापमानाला १५० ते १७० च्या घरात. म्हणजे अडीच पट जाड. एटीएफ साधारण ३०-३५, म्हणजे एसएई २०च्या निम्म्यावर. तुमचे सल्ला देणारे तिघे एकाच भांड्यात तीन वेगळ्या जगांतली तेलं ओतायला सांगतायत. इंग्लंडच्या जानेवारीत पाच अंशाला गाडी बाहेर काढलीत, तर २०डब्ल्यू-५० हजार सेंटिस्टोकच्याही वर जातं. त्यातून दट्ट्या ओढणं म्हणजे पिस्टनला बांधून ठेवणंच.

चांदणवेल, पुस्तिकेचा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावरही लिहितो. पन्नासच्या दशकात इंजिनातच एकाच ग्रेडचं तेल असायचं, उन्हाळ्यात ३० आणि थंडीत २०. त्या काळी 'इंजिनातलंच थोडं घाला' हा सल्ला अगदी योग्य होता, कारण मेकॅनिकच्या हातातल्या कॅनमध्ये डॅम्परला चालेल असंच तेल होतं. पुढे २०डब्ल्यू-५० आलं, इंजिनाचं तेल बदललं, पण सवय तीच राहिली. एमजीबीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये डॅशपॉटमध्ये पातळ तेल घाला, जड तेल कोणत्याही परिस्थितीत नको, असंच बजावलेलं आहे.

फोर्क ऑइलबद्दल एक सावधानतेची सूचना. मोटारसायकलच्या फोर्कसाठी १०डब्ल्यू, २०डब्ल्यू अशी तेलं मिळतात आणि बरेच जण ती एसएई २० समजून घेतात. फोर्क ऑइलवरच्या आकड्यांना एकसारखं प्रमाण नाही. एका कंपनीचं २०डब्ल्यू दुसऱ्या कंपनीच्या १०डब्ल्यूच्या जवळ निघू शकतं. बाटलीच्या पुढच्या आकड्याकडे पाहू नका, माहितीपत्रकात ४० अंशाचा सेंटिस्टोक आकडा शोधा. तो ५५ ते ७५च्या मध्ये असेल तर घाला. फोर्क ऑइलमध्ये फेस कमी होतो, हा त्याचा खरा फायदा आहे.

'एसयू डॅम्पर ऑइल'ची बाटली घ्यायला माझी काही हरकत नाही. महाग आहे हे खरं, पण एक बाटली वर्षानुवर्षं पुरते आणि डोकं शांत राहतं. मात्र तिच्यात काही जादू नाही, ते हलकं, स्वच्छ तेल आहे, एवढंच.

चांदणवेल

आकडे पटले. मिजेटवर मला त्रास जाणवला नाही त्याचं कारण बहुधा वेगळं असेल. एक तर मी गाडी फक्त मे ते सप्टेंबर चालवते, आणि दुसरं म्हणजे छोट्या इंजिनाला छोटे कार्ब्युरेटर. तरी या वेळी एसएई २० घालून बघते.

नवीन वाचणाऱ्यांसाठी: एचएस२, एचएस४ या नावातला शेवटचा आकडा म्हणजे एक इंचावर किती अष्टमांश. एचएस२ सव्वा इंचाचा, एचएस४ दीड इंचाचा, एचएस६ पावणेदोन इंचाचा आणि ३.८ लिटरच्या जॅग्वार ई-टाइपवरचे तीन एचडी८ दोन-दोन इंचांचे. एवढं माहीत असलं की सुटे भाग मागवताना चूक होत नाही.

नाशिकचा_ॲम्बी

आमच्या घरी आजोबांची ॲम्बॅसडर आहे, १४८९ सीसी, एसयू कार्ब्युरेटर. हे इंजिन आणि १९५५ साली आलेल्या पहिल्या एमजीएचं इंजिन एकाच बी-सिरीज घराण्यातलं, म्हणून स्पोर्ट्स कारच्या धाग्यावर बोलायचं धाडस करतोय.

आमचे जुने मेकॅनिक डॅशपॉटमध्ये शिलाई मशीनचं तेल घालायचे. काही जण अजूनही तेच सांगतात. इथे एसएई २० मागितलं तर दुकानदार ओळखतच नाही, सगळीकडे २०डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५०. मग भारतात काय घालावं? आणि उन्हाळ्यात नाशिकला चाळीस अंश होतात, तेव्हा पातळ तेल अजून पातळ होणार ना?

तैलबुद्धी

शिलाई मशीनचं तेल फारच पातळ. ४० अंशाला वीसच्या आसपास सेंटिस्टोक. पिस्टन वर जाताना त्याला नावापुरताच विरोध होतो. पूर्वी चाललं, कारण ॲम्बॅसडर कोणी झटक्यात पळवत नव्हतं.

भारतातला उपाय सोपा आणि स्वस्त आहे. ऑटोमोबाइलच्या दुकानात जाऊच नका, एमआयडीसीतल्या औद्योगिक तेलाच्या दुकानात जा आणि आयएसओ व्हीजी ६८चं हायड्रॉलिक तेल मागा. इंडियन ऑइलचं सर्वोसिस्टम ६८ सहज मिळतं. व्हीजीचा आकडा म्हणजेच ४० अंशाचे सेंटिस्टोक, म्हणजे तुम्हाला जे हवं ते डब्यावर सरळ लिहिलेलं. व्हीजी ६८ म्हणजे जवळपास एसएई २०. सुट्टं अर्धा लिटर मिळालं तरी गल्लीतल्या सगळ्या ॲम्बॅसडरना पुरेल. फक्त स्वच्छ बाटलीत घ्या, तळाचा गाळ नको.

उन्हाळ्याची शंका रास्त आहे. बाहेर चाळीस आणि बॉनेटखाली साठ झालं तर व्हीजी ६८ तिथे तीसच्या जवळ येतं. एप्रिल-मेमध्ये व्हीजी १०० घाला, ते साधारण एसएई ३०, साठ अंशाला चाळीसच्या आसपास राहतं. पाऊस सुरू झाला की परत ६८. इतकं करावंसं वाटलं नाही, तर वर्षभर ६८ ठेवा.

कोव्हेंट्रीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. बोटाने पिस्टन उचलून पाहिले. पुढचा पिस्टन इतका जड की दोन बोटं लावावी लागली. मागचा एकदम हलका, जाताना-येताना सारखाच. मागचा डॅम्पर काढला तर दांड्यात तेल जवळजवळ नव्हतंच, आणि पितळेची बाही जुन्या चिकट तेलाने एका जागी धरून बसली होती. म्हणजे एका कार्ब्युरेटरला जाड तेल आणि दुसऱ्याला काहीच नाही.

दोन्ही सक्शन चेंबर उतरवले. चेंबरवर आणि खाली बॉडीवर आधी खुणा करून ठेवल्या, सुया वाकू नयेत म्हणून पिस्टन उभे ठेवले. सगळं पेट्रोलने धुऊन कोरडं केलं. दोन्ही बाह्या आता सहज सरकतायत. एसएई २० भरलं. गाडी बरीच बदलली. पण खरं सांगायचं तर तो क्षण पूर्ण गेलेला नाही, थोडासा उरलाय.

पिस्टनच्या मोठ्या कडेला तेल लावायचं असतं का? मी कोरडंच ठेवलं.

दोन_नंबर_गिअर

कोरडंच ठेवलंत ते बरोबर. पिस्टनचा मोठा व्यास आणि चेंबरची आतली भिंत एकमेकांना टेकत नाहीत, मध्ये अगदी बारीक फट असते. तिथे तेल लागलं की धूळ चिकटते आणि पिस्टन अडकतो. हलक्या तेलाचा एखादा थेंब फक्त वरच्या दांड्याला. आणि एका गाडीचे दोन्ही चेंबर-पिस्टन कधी एकमेकांत बदलू नका, ते जोडीने जुळवलेले असतात.

आता पातळी. डॅम्पर आत सोडताना टोपी चेंबरपासून साधारण पाव इंच वर असतानाच बोटाला तेल लागल्याचं जाणवलं पाहिजे. त्याआधी जाणवलं तर तेल जास्त, टोपी पूर्ण बसेपर्यंत जाणवलंच नाही तर कमी. जास्त झालं तर घाबरायचं कारण नाही, ते पोकळ दांड्यावरून सांडून इंजिनात जाईल आणि थोडा निळा धूर येईल. पण दोन्हीकडे तेल एकच आणि पातळीही एकच. नाहीतर पाय दाबल्यावर एक पिस्टन आधी उठतो, दुसरा मागून, आणि तुम्ही तासभर खपून केलेलं दोन्ही कार्ब्युरेटरचं सिंक्रोनायझेशन त्या क्षणापुरतं वाया जातं. टोप्या पाहा, काहींना वर बारीक छिद्र असतं, काहींना नसतं. चेंबरची रचना त्याप्रमाणे वेगळी असते, म्हणून टोप्यांची सरमिसळ नको.

उरलेल्या दबण्याबद्दल माझं मत ठाम आहे: आता तेलाला हात लावू नका. ३० घालून बघू, मग ४० घालून बघू, असं करत गेलात तर दुसरा दोष तेलाखाली झाकला जाईल आणि मग सापडणार नाही. डॅम्परच्या तेलाने पातळ मिश्रण झाकता येतं, बरं करता येत नाही.

माझ्या मते तीन जागा आहेत. पहिली, डिस्ट्रिब्युटरचं व्हॅक्युम ॲडव्हान्स, म्हणजे ओढीप्रमाणे ठिणगीची वेळ (टायमिंग) बदलणारा भाग. त्याची नळी कार्ब्युरेटरकडून काढा, तोंडाने ओढा आणि झाकण उघडून आतली प्लेट फिरते का, जिभेने नळी बंद केल्यावर तिथेच थांबते का ते पाहा. परत आली तर डायफ्रॅम फाटलाय. अशा वेळी टायमिंग तर चुकतंच, शिवाय त्या वाटेने जास्तीची हवाही शिरते. दुसरी, कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डमधली गॅस्केट, आणि थ्रॉटलच्या दांड्याची झीज. दांडा हाताने वरखाली हलवून बघा. तिसरी, पेट्रोल. सप्टेंबर २०२१ पासून तिकडे साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. त्याने मिश्रण थोडं पातळ होतं, आणि आधीच पातळ असलेल्या गाडीला तेवढंही पुरतं. सुपर ग्रेडमध्ये ५ टक्क्यांचं मिळतं, या गाडीत तेच घाला. जुन्या रबरी नळ्यांसाठीही तेच बरं.

एक अजून. घुमटातली स्प्रिंग कोणत्या रंगाची आहे? एसयूच्या स्प्रिंगच्या ताकदी रंगांवरून ओळखतात. निळी अडीच औंस, लाल साडेचार, पिवळी आठ, हिरवी बारा. तुमच्या गाडीला लाल हवी. कोणीतरी मध्येच पिवळी घातली असेल, तर पिस्टन कायमच उशिरा उठेल आणि दोष तेलावर जाईल.

कोव्हेंट्रीकर

दोन्ही स्प्रिंग लाल आहेत. व्हॅक्युम ॲडव्हान्सची प्लेट ओढल्यावर जरा हलते आणि लगेच परत येते. डायफ्रॅम गेलाय हे नक्की. नवं युनिट मागवलंय.

चांदणवेल

मिजेटमध्ये एसएई २० घातलं. खरंच, गाडी सकाळी पहिल्या दोन मैलांत जी सुस्त असायची ती आता नाही. मी ते कायम चोकवर ढकलत आले होते. कोव्हेंट्रीकर, नवं युनिट बसवल्यावर टायमिंग परत तपासायला विसरू नका.

जर्सीतला_ट्रायंफ

उशिरा आलो. न्यू जर्सीत राहतो, ट्रायंफ टीआर६ आहे, १९७३ची. ब्रिटनमधल्या टीआर६ला लुकासचं इंजेक्शन होतं, अमेरिकेत आलेल्या गाड्यांना दोन झेनिथ-स्ट्रॉमबर्ग १७५. त्यांनाही असाच तेलाचा डॅम्पर असतो. माझा प्रश्न तेल कोणतं हा नाहीच. तेल टिकतच नाही! भरलं की चार-पाच दिवसांत पुढचा डॅशपॉट रिकामा. मागचा व्यवस्थित. जाड तेल घातलं तर जरा जास्त टिकतं, म्हणून सध्या एसएई ५० घालतोय. हे चालेल का?

दोन_नंबर_गिअर

नाही, आणि तुमचं उत्तर तेलात नाही. स्ट्रॉमबर्गमध्ये पिस्टन आणि चेंबरमधल्या बारीक फटीऐवजी रबरी डायफ्रॅम असतो, पण डॅम्परचं तत्त्व एसयूचंच. त्यामुळे तिथेही एसएई २०.

तेल गळतं ते बहुधा सुईच्या ॲडजस्टरमधून. तुमच्या काळातल्या बऱ्याच स्ट्रॉमबर्गमध्ये सुई वरून, डॅशपॉटमध्ये षटकोनी चावी घालून वरखाली करता येते. तो ॲडजस्टर तेलाच्या विहिरीच्या तळाशीच बसलेला असतो आणि त्याच्याभोवती एक छोटी ओ-रिंग असते. ती कडक झाली की तेल थेंबथेंब सुईवरून खाली उतरतं आणि इंजिनात जळतं. म्हणून धूरही फारसा दिसत नाही आणि जमिनीवर डागही पडत नाही.

ओ-रिंग बदलायला पिस्टन बाहेर काढावा लागेल. घुमटाचे चार स्क्रू काढा, पिस्टन डायफ्रॅमसकट अलगद उचला, सुई सोडवून ॲडजस्टर बाहेर काढा. पेट्रोलला टिकणारी ओ-रिंग घ्या, साधी रबरी नको. त्याच वेळी डायफ्रॅम उजेडासमोर धरून पाहा, एखादं सुईच्या टोकाएवढं छिद्र असलं तरी बदला. परत बसवताना डायफ्रॅमच्या कडेचा छोटा कान बॉडीतल्या खाचेत नीट गेला पाहिजे.

आणि हे विशेष सांभाळा: सुई वरखाली करताना नुसती ॲलन की वापरू नका. त्यासाठी दुहेरी हत्यार मिळतं. त्याची बाहेरची नळी पिस्टनला धरून ठेवते आणि आतली चावी ॲडजस्टर फिरवते. नुसत्या चावीने फिरवलंत तर पिस्टनही फिरतो, डायफ्रॅमला पीळ बसतो आणि तो फाटतो.

जर्सीतला_ट्रायंफ

ते दुहेरी हत्यार माझ्याकडे नाही. ओ-रिंगसोबत तेही मागवतो. तोपर्यंत एसएई ५० काढून २० घालतो आणि दर दोन दिवसांनी पातळी पाहतो.

दोन_नंबर_गिअर

उत्तम. मागच्या कार्ब्युरेटरची ओ-रिंगही त्याच वेळी बदला. ती तेवढ्याच वर्षांची आहे.